काळ्या बियांची डबी

"चोरी झालीय, आणि चोर मी आहे असं सगळ्यांचं म्हणणं आहे," ती मुलगी म्हणाली आणि मग खुर्चीत बसली.

वहिनींना ही सुरुवात आवडली. त्यांच्याकडे येणारी माणसं आधी हवापाण्याचं बोलत, मग जिन्याच्या पायऱ्या किती उंच आहेत ते सांगत, आणि खरं दुखणं चहा गार झाल्यावर बाहेर काढत. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर ढकलला आणि मुलीला बोलू दिलं.

वहिनी खासगी तपासाची कामं घेत. घड्याळवाल्याच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबलं, एक कपाट, एवढाच त्यांचा पसारा. दुसऱ्या टेबलाशी त्यांचे दीर बसत. आयुष्यभर विम्याच्या पॉलिसी विकल्यावर त्यांना घरी करमेना. ते 'वहिनी, वहिनी' म्हणत म्हणून येणारे-जाणारेही तसंच म्हणू लागले, आणि वहिनी त्यांना भाऊजी म्हणत म्हणून तेही सगळ्यांचे भाऊजी झाले. आपण तपासात मदत करतो अशी भाऊजींची ठाम समजूत होती. वहिनींनी ती कधी मोडली नाही.

मुलगी एका बीजसंग्रहात मदतनीस होती. दुर्मिळ झाडांच्या बिया तिथे पत्र्याच्या बंद डब्यांत, थंड खोलीत ठेवत. वर्षातून एकदा प्रत्येक डबी उघडायची, बिया तपासायच्या, पुन्हा वाळवून बंद करायच्या. डब्या दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी उघडल्या जात नसत. परवा तिनं एक डबी उघडली, तर आतल्या पुडीत भलत्याच बिया निघाल्या.

"कसल्या?" भाऊजींनी विचारलं.

"गुलबक्षीच्या. आमच्या आवाराच्या भिंतीलगत उगवते ती."

"आणि असायला हव्या होत्या?"

"लेप्टान्था मेलानोस्पर्मा." तिनं ते नाव घरातल्या माणसाचं घ्यावं तसं घेतलं. ते झाड आता कुठेच उरलं नव्हतं. ते उगवायचं ती दरी धरणाच्या पाण्याखाली गेली होती. उरल्या होत्या त्या बिया फक्त त्या पुडीत.

पुढचं तिनं खाली बघत सांगितलं. डब्या ती हाताळते, किल्ली ती वापरते. त्यात एका मोठ्या नर्सरीनं तिला नोकरी देऊ केली होती. तिनं नकार दिला होता, पण तो आता कोण ऐकणार? संचालिकाबाईंनी सोमवारी समिती बोलावली होती. ठपका ठेवून काढलं, की या कामात तिला पुन्हा कुणी उभं करणार नव्हतं. बियांची राखण करणारी माणसं मोजकी असतात आणि सगळी एकमेकांना ओळखतात.

"चोरी झाल्याचं तूच सांगितलंस?" वहिनींनी विचारलं.

"हो. तीच माझी हुशारी, असं बाई म्हणतात."

वहिनींनी चष्मा खाली घेतला. "भाऊजी, छत्री घ्या. ऊन आहे."

बीजसंग्रहाची इमारत बैठी होती, आणि आत शिरलं की बाहेरच्या उन्हाचा विसर पडे. संचालिकाबाई दारातच भेटल्या. पाठ ताठ, बोलणं मोजकं, साडीची निरी जागच्या जागी. तपासाला त्यांची हरकत नव्हती, फक्त समिती सोमवारीच बसणार होती.

त्यांनी स्वतः थंड खोली दाखवली. खोलीची किल्ली त्यांच्या दालनातल्या खिळ्यावर टांगलेली असे आणि ते इथल्या सगळ्यांना माहीत होतं. नर्सरीवाल्यालाही माहीत होतं का, असं भाऊजींनी विचारलं. बाहेरचा माणूस एकटा आत येऊच शकत नाही, असं बाई म्हणाल्या, आणि ते खरं दिसत होतं. दार एकच होतं आणि दाराशी शिपाई बसायचा.

"त्या बिया कुणी मागितल्या होत्या?"

"कुणी नाही मागितल्या ते विचारा. नर्सरीवाल्यानं मागितल्या, कॉलेजच्या मुलांनी मागितल्या, इथे बसून शब्दकोश रचणारे आमचे कोशकार तर दर वर्षी मागतात. थोड्या पेरून बघा म्हणतात. उगवल्या नाहीत तर काय करायचं? मी बी राखायला बसलेय, जुगार खेळायला नाही."

"वार्षिक तपासणीला तुम्ही असता?"

"भिंग घेऊन असते. प्रत्येक डबी माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय बंद होत नाही."

शेजारच्या खोलीत तपासणीचं लांब टेबल होतं. परवापासून कुणाला त्याला हात लावू दिलेला नव्हता. एक पांढरा पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवला होता. टेबलाच्या मधोमध एक काळा पुठ्ठा पसरला होता, त्यावर चिमटा आणि एक मऊ कुंचला. पलीकडे बशीत गुलबक्षीच्या बिया होत्या, मिऱ्याएवढ्या, काळ्या, सुरकुतलेल्या.

"हे पुठ्ठे कशाला?" वहिनींनी मुलीला विचारलं.

"बी पसरायला. उठून दिसलं पाहिजे, नाहीतर एखादं निसटतं. डबी उघडायच्या आधी मी पुठ्ठा मांडून ठेवते."

वहिनींनी बशीतली एक बी उचलून रुमालात बांधली. भाऊजींनीही एक उचलली, हुंगली आणि परत ठेवली.

शिपाई गप्पिष्ट होता. वहिनींनी तळहातावरची बी पुढे करताच तो हसला.

"ही तर भिंतीजवळची, बाई. त्या डबीतल्या बिया कुठं एवढ्या ढब्बू असतात? तपासणीला ट्रे उचलायला मीच असतो ना. मला तर श्वास रोखून चालावं लागतं, फुंकरीनं उडतील म्हणून."

डब्यांवरची नावं त्याला वाचता येत नसत. परकी लिपी, परकी भाषा. तो डबी ओळखायचा ती फळीवरच्या जागेवरून. मुलीवर त्याचा काडीचाही संशय नव्हता, आणि ते तो संचालिकाबाईंच्या दालनाकडे तोंड करून जरा मोठ्यानंच बोलला. मग त्यानं इकडच्या तिकडच्या खबरी दिल्या. बाईंचा पंखा बिघडलाय. नळ गळतोय. कोशकारसरांचे डोळे अधू झालेत, हल्ली ते दुपारीच घरी जातात, डोळ्यांत औषध घालायचं असतं म्हणे. पूर्वी दिवे लावायची वेळ झाली तरी जागचे हलत नसत.

"औषध इथे नाही घालता येत?" भाऊजींनी विचारलं.

"तेच मी म्हटलं. मी घालतो म्हटलं. नको म्हणाले."

कोशकारांची खोली इमारतीच्या टोकाला होती. भिंतभर लाकडी खण, खणांत चिठ्ठ्या. विज्ञानाच्या शब्दांची मुळं सांगणारा कोश ते कित्येक वर्षं रचत होते. संस्थेनं त्यांना ही खोली वापरायला दिली होती. उंच, वाकलेले, मृदू बोलणारे गृहस्थ. भाऊजी त्यांच्यावर पहिल्या पाच मिनिटांतच लुब्ध झाले.

त्याचं कारणही तसंच होतं. भाऊजींनी सहज आपल्या गुडघ्याचा विषय काढला, डॉक्टरांनी आर्थ्रायटिस सांगितलाय म्हणाले.

"आर्थ्रॉन म्हणजे सांधा. आयटिस म्हणजे दाह," कोशकार म्हणाले.

भाऊजींनी गुडघा चोळला. "म्हणजे मी त्याला सांगितलं की सांधे सुजून दुखतायत, आणि त्यानं तेच मला ग्रीकमध्ये परत सांगून फी घेतली?"

कोशकार मनापासून हसले. मग त्यांनी भाऊजींना खणांमधून फिरवून आणलं. क्लोरोस म्हणजे हिरवट, फायलॉन म्हणजे पान, म्हणून पानातल्या हिरव्या द्रव्याला क्लोरोफिल. ल्यूकोस पांढरा. रायझा मूळ. हायड्रोजन म्हणजे पाणी घडवणारा, ऑक्सिजन म्हणजे आम्ल घडवणारा. एकदा मुळं हाती आली, की लांबलचक नावाला घाबरायचं कारण उरत नाही. नाव उकलायचं, आत वस्तू असतेच.

"मदतनीस मुलीलाही तुम्हीच शिकवलंत ना?" वहिनींनी विचारलं.

"रोज एक मूळ. डबा खाता खाता. फार चटकन उचलते." त्यांचा आवाज जरा खाली आला. "तिनं घेतलं नाही हो काही. मी समितीला सांगणार आहे तसं."

"तुम्ही या नादाला कसे लागलात?"

"बायकोमुळे. ती रानोमाळ हिंडून झाडं गोळा करायची. मी भाषेचा माणूस. तिच्या चिठ्ठ्यांवरची नावं मला वाचता येईनात, म्हणून मुळं शिकलो. ती गेली. चिठ्ठ्या राहिल्या."

वहिनींनी भिंतीवरच्या खणांकडे पाहिलं. मग त्यांनी हरवलेल्या बियांच्या नावाचा अर्थ विचारला.

"लेप्टोस म्हणजे नाजूक, अँथोस म्हणजे फूल. मेलास काळा, स्पर्मा बी. नाजूक फुलाचं, काळ्या बियांचं झाड."

वहिनींनी रुमाल सोडून गुलबक्षीची बी त्यांच्या तळहातावर ठेवली. कोशकारांनी ती डोळ्यांजवळ नेली, बोटानं फिरवली आणि परत दिली.

"अशी बदली केली तर कुणीही फसलं असतं," ते म्हणाले.

बाहेर पडल्यावर वहिनी लगेच फाटकाकडे वळल्या नाहीत. त्या भिंतीकडेनं चालत गेल्या. गुलबक्षी माजली होती. तिला चिकटूनच तुऱ्यांचं एक तण वाढलेलं होतं. वहिनींनी एक तुरा तळहातावर चोळून फुंकला. खाली बारीक, फिकट, रव्यासारखं बी उरलं.

"वहिनी, आता तुम्ही शेती करणार का?" भाऊजी सावली शोधत म्हणाले.

"तुमचा संशय कुणावर, भाऊजी?"

भाऊजींनी विचार करून ठेवलाच होता. शिपाई. नर्सरीवाल्यानं त्याला फितवलं असणार, दारावर तोच असतो, शिवाय तो फार बोलतो. किंवा मग संचालिकाबाई, कारण त्या फार कमी बोलतात. कोशकार सोडून कुणीही.

"ते का सोडून?"

"अहो, देवमाणूस आहे."

"आहेत," वहिनी म्हणाल्या. "उद्या सगळ्यांना त्या टेबलाशी बोलवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे तपासणीच्या खोलीत जमले. संचालिकाबाई टेबलाच्या एका टोकाला, मुलगी दुसऱ्या टोकाला, मधे कोशकार. शिपाई दाराशी उभा. भाऊजींनी स्टूल पकडलं.

"चोरानं डबी रिकामी ठेवली नाही, दुसरं बी भरलं," वहिनींनी सुरुवात केली. "म्हणजे पुडी चाचपली तर काहीतरी हाताला लागावं, आणि उघडली तरी चटकन संशय येऊ नये, असा त्याचा विचार. मग माणूस काय करेल? खऱ्या बीसारखं दिसणारं बी शोधेल. शोधायला लांब जायला नको होतं. भिंतीशी बारीक बियांचं तण आहे, शेजारी गुलबक्षी आहे. त्यानं गुलबक्षी घेतली. का?"

शिपायानं दारातून भिंतीकडे पाहिलं.

"मला त्या खऱ्या बिया कशा दिसतात ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर सगळ्यांना कळलं असतं. पण टेबलानं सांगितलं. ही मुलगी डबी उघडायच्या आधी पुठ्ठा मांडते, बी उठून दिसावं म्हणून. काळं बी असतं तर तिनं पांढरा पुठ्ठा मांडला असता. तिनं काळा मांडला. शिपाईदादा म्हणाले, बिया फुंकरीनं उडतील अशा. बाई, बरोबर आहे का?"

"फिकट पिवळ्या, खसखशीहून थोड्या मोठ्या," संचालिकाबाई म्हणाल्या.

कोशकारांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसतं आश्चर्य होतं.

"पण नाव..." भाऊजी म्हणाले.

"नाव चुकलंय," बाई म्हणाल्या. "ज्यांनी नाव दिलं त्यांच्याकडे बिया पोचल्या त्या वाटेत भिजून काळ्या पडलेल्या. पुढे चूक कळली, पण एकदा रीतसर दिलेलं नाव केवळ वर्णन जुळत नाही म्हणून बदलत नाहीत. आम्हा डबी उघडणाऱ्यांना सवय झालीय. कुणाला सांगावं असं कधी वाटलं नाही."

वहिनी पुढे बोलू लागल्या. "आता बघा. चोरानं घेतलेलं बी आकारानं साफ चुकीचं आहे. म्हणजे त्यानं खरं बी कधी पाहिलेलं नव्हतं. बाईंनी पाहिलंय, मुलीनं पाहिलंय, शिपाईदादांनी ट्रेमधून वाहिलंय. यांच्यापैकी कुणी बदली केली असती तर त्या तणाचा तुरा चोळला असता, आणि भिंगाशिवाय फरक कळला नसता. पण रंग? रंग नावाशी अगदी जुळवून घेतलाय. म्हणजे बी न पाहिलेला, पण नावाचा अर्थ नेमका जाणणारा माणूस. शिपाईदादांना नाव वाचताच येत नाही. मुलीला अर्थ येतो, पण तिनं बीही पाहिलंय. अर्थावर विसंबून राहावं लागेल असा एकच माणूस या इमारतीत आहे."

भाऊजी स्टुलावरून अर्धे उठले आणि परत बसले.

"काल मी गुलबक्षीची बी दोघांसमोर धरली. शिपाईदादा हसले. तुम्ही म्हणालात, कुणीही फसलं असतं. सर, ती खरी बी पाहिलेलं या खोलीतलं कुणीच फसलं नसतं."

कोशकारांनी टेबलाच्या कडेवर हात ठेवला. "ऑक्सिजनचं मी स्वतः लिहून ठेवलंय," ते हळूच म्हणाले. "आम्ल घडवणारा म्हणून नाव दिलं, आणि पुढे कळलं की त्याच्याशिवायही आम्ल होतं. नाव मात्र राहिलं. अशा कितीतरी चुका मला पाठ आहेत. ही डबी हातात घेतली तेव्हा एकही आठवली नाही. मी पुडी घाईनं उपडी केली, डोळ्यांना नीट दिसत नाही, बिया न बघताच कागदात गुंडाळून खिशात घातल्या. घरी कुंड्यांवर झटकल्या त्याही बोट न लावता, ओल लागेल म्हणून."

"पेरल्यात?" संचालिकाबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"अर्ध्या. बाकीच्या पुडीत आहेत. उगवल्यात, बाई. कुंड्या उन्हात ठेवायच्या, सावलीत घ्यायच्या, पाणी बघायचं, म्हणून दुपारी घरी जातो." ते बाईंकडे वळले. "ते झाड माझ्या बायकोनं शोधलं. फुलावर आलेलं. बिया पुढच्या हंगामात दुसऱ्यांनी गोळा केल्या, काही नाव देणाऱ्यांकडे गेल्या आणि बाकीच्या थेट तुमच्याकडे आल्या. फूल तिनं पाहिलं होतं. माझ्या वाट्याला नुसतं नाव आलं. माझी नजर जातेय. जायच्या आत एकदा बघायचं होतं. तुम्हाला मागून मागून थकलो."

 भाऊजींचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. वहिनींनाही वाईट वाटलं, पण त्या मुलीकडे बघत होत्या.

"मला कधी कळलं असतं, सर?" मुलीनं विचारलं.

"कळ्या धरल्यात. आधी सांगितलं असतं तर बाईंनी कुंड्या उचलून आणल्या असत्या. आठवड्याभराचा प्रश्न होता. मग मी सगळं..."

"सोमवारी माझी समिती होती."

कोशकारांनी टेबलावरचा हात काढून घेतला. 

संचालिकाबाई उठल्या. समिती रद्द झाल्याचं त्या आजच कळवतील, मुलीवर ठपका नाही असं पत्र देतील, तिची माफीही मागतील. ती त्यांनी तिथेच, उभ्यानं, सगळ्यांसमोर मागितली. त्यांना ते सोपं गेलं नाही. कुंड्यांची आणि कोशकारांची व्यवस्था त्या नंतर बघणार होत्या.

"पत्र राहू द्या, बाई," मुलगी म्हणाली. मग ती कोशकारांकडे वळली. "काल रात्री आईनं मला जेवायला वाढलं आणि समोर बसली. म्हणाली, खरं सांग, तू घेतल्या नाहीस ना? सर, आईनं विचारलं. माझ्या आईला विचारावंसं वाटलं."

कोशकारांनी डोळे मिटले.

"तिला तुम्ही येऊन सांगा. तुमच्या तोंडानं. आत्ता."

"आत्ताच," ते म्हणाले.

त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचा कोट घेतला. घालताना एक बाही उलटी गेली. शिपाई पुढे होत होता, पण मुलीनं नजरेनंच त्याला थांबवलं. बाही सरळ व्हायला वेळ लागला. मग दोघं निघाले, ती पुढे, ते दोन पावलं मागे.

वहिनी आणि भाऊजी खिडकीशी गेले. बाहेर लख्ख ऊन होतं. दाराबाहेर येताच कोशकारांचे डोळे उजेडानं दिपले आणि ते चाचपडत उभे राहिले. मुलगीही खाली थांबली. तिनं मागे वळून पाहिलं नाही, हात पुढे केला नाही, आणि पुढेही गेली नाही.

"पायरी आहे," ती म्हणाली.